हॅम सांभाळून गरम करायचं असतं : थोरल्या जाऊबाईंचे कानमंत्र

सुनांनो, लेकींनो, आणि आता स्वयंपाकात तितक्याच हौसेनं उतरणाऱ्या मुलग्यांनो, ईस्टरचं हॅम ही आपल्या घराण्याची पिढीजात रीत नाही. वसईला सणाचं डुकराचं मांस म्हटलं की इंद्याल नाहीतर सारपातेल. व्हिनेगर, बाटली मसाला आणि दुसऱ्या दिवशी मुरून आलेली चव. भाजलेलं, वरून चकचकीत, मधाच्या रंगाचं अख्खं हॅम टेबलाच्या मधोमध ठेवण्याची रीत आपण न्यू जर्सीला आल्यावर घेतली. ती आधी घेतली माझ्या थोरल्या जाऊबाईंनी. त्या इथल्या एका शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होत्या, आणि बरोबरच्या व्हर्जिनियाकडच्या बायकांकडून त्यांनी हे सगळं बारकाईनं शिकून घेतलं. पुढे त्यांनी ते मला शिकवलं. आता ईस्टरचं जेवण तुमच्या घरी व्हायला लागलंय, म्हणून हे सगळं एकदा नीट सांगून ठेवते.

जाऊबाईंचा पहिला मंत्र एका वाक्याचा होता : हॅम शिजवायचं नसतं, सांभाळून गरम करायचं असतं. बाकीचं सगळं या एका वाक्यातून निघतं. दुकानातलं बहुतेक हॅम आधीच खारवलेलं, धुरावलेलं आणि पूर्ण शिजवलेलं असतं. आपल्या हाती फक्त दोन कामं उरतात. आतला ओलावा जाऊ न देता ते गरम करणं आणि वरून गोड-आंबट थर, म्हणजे ग्लेझ, चढवणं. ज्याला हे उमजलं त्याचं हॅम कोरडं पडत नाही.

हातात काय आहे ते आधी ओळखा

हॅम म्हणजे डुकराचा मागचा पाय, खारवलेला. खारवण्याच्या दोन पद्धती आहेत. सुपरमार्केटमध्ये नव्वद टक्के वेळा दिसतं ते ओलं खारवलेलं. मीठ, साखर आणि सोडियम नायट्राइटचं पाणी मांसात सुयांनी भरतात, मग धूर देतात आणि शिजवतात. त्याचा गुलाबी रंग या नायट्राइटमुळे येतो. म्हणून आपण कोंबडीचा किंवा मटणाचा रंग बघून शिजलं की नाही ते ओळखतो, तसं इथे चालत नाही. हॅम कच्चं असो वा शिजलेलं, गुलाबीच राहतं.

दुसरं म्हणजे सुकं खारवलेलं, ज्याला इथे कंट्री हॅम म्हणतात. मीठ चोळून महिनोन्‌महिने टांगून ठेवलेलं. व्हर्जिनियातलं स्मिथफील्ड त्यासाठी प्रसिद्ध आहे. त्या गावाच्या हद्दीत मुरवलेल्यालाच स्मिथफील्ड हॅम म्हणायचं, असा कायदा व्हर्जिनियानं 1926 साली केला. हे हॅम फार खारट आणि घट्ट असतं. कोणी भेट म्हणून दिलंच, तर वरची बुरशी ब्रशनं घासून धुवा, ती मुरण्याचाच भाग आहे, घाबरायचं कारण नाही. मग मोठ्या पातेल्यात पाणी बदलत निदान रात्रभर भिजत ठेवा. ते मंद आचेवर पाण्यात शिजवूनच ओव्हनला लावायचं, आणि वाढायचं ते कागदासारखे पातळ काप करून. आज मी सांगतेय ते मात्र पहिल्या, ओल्या खारवलेल्या हॅमचं.

ईस्टरलाच हॅम का, असं मुलं विचारतात. फ्रिज नव्हते तेव्हा डुकरं शरद ऋतूत कापायची, मांस हिवाळाभर खारवून ठेवायचं, आणि वसंत येईपर्यंत ते खाण्याजोगं व्हायचं. उपवासकाळ संपायचा आणि हॅम तयार व्हायचं, दोन्हीचा मोसम एकच. म्हणून ते त्या टेबलावर आलं आणि तिथेच राहिलं.

विकत घेताना पाकीट वाचा

जाऊबाई दुकानात चष्मा लावून पाकिटावरचं एक-एक अक्षर वाचायच्या. तुम्हीही वाचा. नुसतं 'हॅम' असं लिहिलं असेल, तर चरबी वगळून त्यात किमान 20.5 टक्के प्रथिनं असली पाहिजेत. 'विथ नॅचरल ज्यूसेस' असेल तर 18.5 टक्के. 'वॉटर ॲडेड' असेल तर 17 टक्के. आणि 'हॅम अँड वॉटर प्रॉडक्ट' असेल, तर त्याला खालची मर्यादाच नाही, पाणी किती हे तेवढं लिहावं लागतं. सणाला पहिल्या दोहोंपैकीच घ्या. पाणी भरलेलं हॅम स्वस्त वाटतं, पण ओव्हनमध्ये ते पाणी ट्रेमध्ये उतरतं आणि मांस रबरी लागतं.

दुसरी गोष्ट, पाकिटावर 'फुली कुक्ड' लिहिलंय का ते बघा. नसेल, आणि 'कुक बिफोर ईटिंग' असेल, तर ते खरोखर शिजवावं लागेल, वेळही जास्त लागेल.

तिसरी गोष्ट, हाडाचं घ्या. हाडाभोवतीचं मांस चवीला चांगलं असतं आणि हाड नंतर सूपाला लागतं. अख्खा पाय पंधरा-सोळा पौंडांचा, म्हणून बहुतेक घरं अर्धा घेतात. त्यात दोन प्रकार. खालचा, निमुळता भाग म्हणजे शँक. त्यात एकच सरळ हाड असतं, कापायला सोपं, टेबलावर दिसायलाही देखणं. वरचा, मांडीचा भाग म्हणजे बट. त्यात मांस जास्त, पण कटीचं वेडंवाकडं हाड असतं, सुरी अडते. पहिल्यांदा करणाऱ्यानं शँक घ्यावं.

माणशी पाऊण पौंड धरा, हाडासकट. बारा माणसांना नऊ पौंड. यात दुसऱ्या दिवशीच्या सँडविचचंही निघतं. बिनहाडाचं असेल तर माणशी पाव ते तृतीयांश पौंड पुरतं.

आणि ते आधीच चकत्या पाडलेलं स्पायरल हॅम? डेट्रॉइटच्या हॅरी होनसेलार यांनी हाडाभोवती गोल-गोल चकती कापणारं यंत्र बनवलं, 1952 साली त्याचं पेटंट मिळवलं, आणि पुढे ते घराघरात पोचलं. वाढायला ते सोपं आहे यात शंका नाही. पण प्रत्येक चकतीच्या फटीतून ओलावा निघून जातो. ज्यांच्याकडे कापायला कोणी नाही त्यांनी ते घ्यावं, मात्र त्याला वेळ कमी द्यावा, पौंडामागे दहा ते अठरा मिनिटं, आणि फॉइल घट्ट लावावी. माझा आग्रह अखंड हॅमचाच आहे.

आदल्या दिवसांची तयारी

गोठलेलं आणलं असेल तर ते फ्रिजमध्येच सुटू द्या, दर चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस. नऊ पौंडांना दोन दिवस. म्हणजे पवित्र शुक्रवारी सकाळी ते फ्रीझरमधून खाली आलं पाहिजे. ओट्यावर ठेवून सोडवायचं नाही. बाहेरचा भाग कोमट होऊन खराब व्हायला लागतो आणि आत बर्फ तसाच राहतो.

ईस्टरच्या सकाळी पाकीट उघडलं की जाळी काढा. मग हाडाच्या टोकाकडे बोट फिरवून बघा. तिथे बऱ्याचदा एक छोटी पारदर्शक प्लास्टिकची टोपी बसवलेली असते, हाडाच्या टोकानं पाकीट फाटू नये म्हणून. ती मांसाला इतकी चिकटलेली असते की डोळ्यांना दिसत नाही, बोटाला लागते. ती काढल्याशिवाय हॅम ओव्हनमध्ये जाता कामा नये. मग कागदी टॉवेलनं सगळीकडून टिपून कोरडं करा. धुवायची गरज नाही.

पहिला टप्पा : मंद आच, घट्ट झाकण

ओव्हन 325 अंशांवर, फॅरनहाइट. त्याहून कमी नको, मग ते फार वेळ कोमट राहतं आणि ते धोक्याचं. त्याहून जास्तही नको, बाहेरून सुकतं.

ट्रे जाड आणि खोल घ्या. दुकानातली पातळ ॲल्युमिनियमची ट्रे वापरायची असेल, तर दोन एकात एक घाला आणि खाली बेकिंग शीट द्या. नऊ पौंडांचं हॅम आणि खाली उकळतं पाणी, अशी ट्रे उचलताना मधेच वाकली तर हात भाजतो. हॅमची कापलेली सपाट बाजू खाली ठेवा. तीच बाजू सर्वांत आधी सुकते, खाली असली की रसात बसते. ट्रेमध्ये दीड कप पाणी, नाहीतर सफरचंदाचा रस. वरून फॉइल अशी लावा की कडेनं वाफ बाहेर पडणार नाही.

अर्ध्या हॅमला पौंडामागे अठरा ते चोवीस मिनिटं धरतात. मी वीस धरते. नऊ पौंडांना तीन तास, आणि त्यात शेवटचं ग्लेझही आलं. अख्खा पाय असेल तर पौंडामागे पंधरा ते अठरा.

पण मिनिटांवर विसंबू नका, हा जाऊबाईंचा दुसरा मंत्र. प्रत्येक ओव्हन निराळं, प्रत्येक हाड निराळं. थर्मामीटर घ्या. जिथे मांस सर्वांत जाड आहे तिथे मधोमध खुपसा, टोक हाडाला लागू देऊ नका, हाडाजवळ आकडा खोटा येतो. पूर्ण शिजवलेलं हॅम असेल तर शेवटी आत 140 अंश हवेत. 'कुक बिफोर ईटिंग' किंवा कच्चं असेल तर 145 अंश आणि बाहेर काढल्यावर तीन मिनिटं तसंच ठेवायचं. हे अमेरिकेच्या कृषी खात्यानं घालून दिलेले आकडे आहेत. ते फ्रिजच्या दारावर लावून ठेवा. 140 च्या वर गेलं म्हणून आणखी चांगलं होत नाही, प्रत्येक अंशाबरोबर रस कमी होतो.

चरबीवर रेघा

हॅमवर जाड कातडी असेल, तर पहिल्या तासाभरानं बाहेर काढा. गरम झालेली कातडी सुरीचं टोक घालून हातानं ओढली की पट्टीनं सुटून येते. तिच्याखालची पांढरी चरबी मात्र ठेवायची, पाव इंचाची. ती सगळी कापून टाकली तर ग्लेझला धरायला काही उरत नाही आणि मांसही उघडं पडतं. फार जाड असेल तिथेच तासा.

मग रेघा. लहान, अगदी धारदार सुरी घ्या. एका बाजूनं तिरक्या रेघा, इंचभर अंतरावर, मग उलट्या तिरक्या, म्हणजे शंकरपाळ्यांचे चौकोन होतात. सुरी फक्त चरबीतून जाऊ द्या, खालच्या गुलाबी मांसापाशी पोचली की थांबवा. चरबीतून जाताना सुरी सरसर सरकते, मांसाला लागली की हाताला किंचित अडते. ते अडणं हाताला कळलं पाहिजे. मांसापर्यंत चीर गेली तर त्यातून रस निघून जातो. बरोबर पडलेल्या रेघा उष्णतेनं उघडतात, कडा वर येतात, आणि ग्लेझ त्या खाचांत उतरून बसतं. या रेघांचं खरं काम तेच, नक्षी ही वरकमाई. स्पायरल हॅमला रेघा नाहीत.

लवंगा लावायच्या असतील तर रेघा जिथे एकमेकींना छेदतात तिथे एकेक. सगळ्या चौकोनांवर नको, एकाआड एक पुरे. लवंग तीव्र असते, भरमसाट लावली की जीभ बधिर होते. आणि वाढण्याआधी प्रत्येक लवंग मोजून काढायची, लहान मुलं जेवणार असतील तर नक्कीच. ज्यांना ही मोजदाद नको, त्यांनी ग्लेझमध्येच लवंगेची पूड घालावी. मी हल्ली तेच करते.

ग्लेझ : गोडाला आंबट आणि तिखट सोबत हवी

नऊ पौंडांच्या हॅमला माझं माप असं :

- एक कप गडद ब्राऊन शुगर
- पाव कप मध
- पाव कप सफरचंदाचं व्हिनेगर
- अर्धा कप डब्यातल्या अननसाचा रस
- दोन मोठे चमचे दिजों मोहरी
- अर्धा लहान चमचा लवंगपूड
- अर्धा लहान चमचा मिरपूड

मीठ अजिबात नाही. हॅममध्ये ते आधीच आहे.

सगळं एका पातेल्यात मंद आचेवर आठ-दहा मिनिटं उकळा. एकतारी पाकाच्या थोडं अलीकडे थांबा, गार झाल्यावर ते आणखी घट्ट होतं. फार पातळ असेल तर ग्लेझ घसरून ट्रेमध्ये जातं, फार घट्ट केलं तर ब्रश ओढला जात नाही. व्हिनेगर कमी करू नका. खारट मांसावर नुसती साखर पडली तर दोन घासांत तोंड मिटतं, आंबटपणा आला की तिसरा घास घ्यावासा वाटतो. मोहरी चवीला आहेच, शिवाय ती साखर-रस-मध यांना एकत्र धरते.

ब्राऊन शुगर म्हणजे साखरेत काकवी मिसळलेली, म्हणून तिच्या जागी कोल्हापुरी गूळ छान चालतो. किसून घ्या, विरघळल्यावर गाळून घ्या. मी गुळाच्या ग्लेझमध्ये अर्धा लहान चमचा बाटली मसाला घालते. तेवढाच. जास्त झाला तर तो ओव्हनमध्ये कडवट होतो. जाऊबाईंना ही भर पसंत होती, आणि मला वाटतं आपल्या टेबलावर हॅम खऱ्या अर्थानं आपलं झालं ते या अर्ध्या चमच्यानं.

अननसाच्या चकत्या वर लावायची इथली जुनी हौस आहे, मधे लाल चेरी. लावायच्या तर डब्यातल्या लावा. ताज्या अननसात मांस मऊ करणारा एक घटक असतो, तो वरचा थर पिठूळ करून टाकतो. डब्यात भरताना अननस तापवतात, त्यात तो घटक मरतो.

ग्लेझ तयार झालं की त्यातला पाव भाग आधीच वाटीत काढून ठेवा, टेबलावर वाढायला. ज्यात ब्रश बुडवला ते वाढायचं नाही.

शेवटची पस्तीस मिनिटं

इथे सगळं जिंकतं किंवा हरतं. जाऊबाईंचा तिसरा मंत्र : ग्लेझ शेवटी, आणि ग्लेझ लागलं की स्वयंपाकघर सोडायचं नाही.

सुरुवातीपासून ग्लेझ का लावत नाहीत ते समजून घ्या. साखर 320-340 अंशांच्या आसपास करपण्याच्या वाटेला लागते, मधातली साखर त्याहूनही लवकर. तीन तास ती ओव्हनमध्ये राहिली तर काळी आणि कडू होणारच. म्हणून आतला आकडा 120-125 झाला की फॉइल काढा आणि ओव्हन 400 वर न्या. ट्रेमधलं पाणी आटलं असेल तर अर्धा कप गरम पाणी घाला. वरून ओघळलेली साखर कोरड्या ट्रेवर पडली की जळते, आणि घरभर धूर होतो.

पहिला हात पातळ, खाचांत ब्रश दाबून. बारा मिनिटं. दुसरा हात. पुन्हा बारा मिनिटं. तिसरा हात, आणि आता दाराजवळ उभं राहायचं. चरबीच्या चौकोनांचे कोपरे सर्वांत आधी गडद होतात. एखादा कोपरा काळा पडायला लागला तर त्याच्यावर फॉइलचा छोटा तुकडा टाका, बाकीचं होऊ द्या. ग्लेझ फुगून त्यावर बारीक बुडबुडे आले, रंग गडद मधाचा झाला, आणि थर्मामीटर 140 दाखवू लागला, की काढा.

दोन्ही एकदम जुळलं नाही तरी घाबरू नका. रंग आला पण आकडा कमी असेल, तर वर सैल फॉइल टाकून ओव्हन पुन्हा 325 वर आणा आणि थांबा. आकडा आला पण रंग फिका असेल, तर ब्रॉयलर एक-दोन मिनिटं, डोळे लावून. तेवढ्यात फोन आला तरी घ्यायचा नाही.

विसावा आणि कापणी

बाहेर काढल्यावर पंधरा-वीस मिनिटं हात लावू नका. लगेच कापलं तर रस पाटावर वाहून जातो, थांबलं तर मांसातच राहतो. तेवढ्यात ट्रेमधला रस गाळा, वरची चरबी काढा, आणि चव घ्या. खारट असतोच, त्यात गरम पाणी किंवा अननसाचा रस घालून सैल करा.

कापायला लांब, पातळ पात्याची सुरी. शँकचा पाय आडवा ठेवा. ज्या बाजूला मांस कमी आहे तिथून दोन-तीन काप काढा, म्हणजे हॅम त्या सपाट भागावर घट्ट बसतं, डुलत नाही. मग हाडाच्या टोकाकडून सुरुवात करून सरळ खाली, हाड लागेपर्यंत, एकामागून एक उभे काप द्या, पाव इंचाचे. सगळे काप देऊन झाले की सुरी आडवी करा आणि हाडालगत, हाडाला घासत, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्या. सगळे काप एकदम सुटून येतात, आणि प्रत्येकाच्या कडेला ग्लेझची पट्टी असते. ही पट्टी सगळ्यांच्या ताटात गेली पाहिजे, वाढणाऱ्यानं ते बघावं.

कापांवर कधी हिरवट-जांभळी झाक दिसते, तेलाच्या तवंगासारखी. ते मांस खराब झाल्याचं लक्षण नाही, कापलेल्या पृष्ठभागावरून उजेड फाकल्यानं तसं दिसतं. वास आला किंवा बुळबुळीत लागलं तर मात्र फेकून द्या.

ताटात कोण बसलंय ते बघून

हॅमसोबत इथली माणसं दुधात भाजलेले बटाटे, घेवडा आणि छोटे पाव करतात. आपण फुगे नावाचे छोटे गोल पावही तळतो, आणि ते या खारट-गोड मांसाबरोबर फार छान जमतात. एक आंबट, करकरीत कोशिंबीर नक्की ठेवा.

आपल्या टेबलावर हिंदू, मुसलमान, ज्यू मित्र येतात. त्यांना न विचारता कळलं पाहिजे की हे डुकराचं आहे. हॅम टेबलाच्या एका टोकाला ठेवा, त्याची सुरी आणि चिमटा वेगळा, आणि त्यांच्यासाठी जे केलंय त्याला ग्लेझचा ब्रश लागता कामा नये. जेवायला बोलावलेल्याला अवघडल्यासारखं झालं तर सणाचा अर्थ राहत नाही.

रक्तदाब असलेल्या वडीलधाऱ्यांना पातळ काप द्या. तीन औंस हॅममध्ये हजार मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम असतं, आणि दिवसाची मर्यादा 2300 सांगतात. घरात कोणी गरोदर असेल तर तिला फ्रिजमधलं गार हॅम नको, वाफाळेपर्यंत गरम केलेलंच द्या.

वेळेचं उलटं गणित

जेवण एक वाजता असेल, तर बारा चाळीसला कापायला घ्यायचं. बारा वीसला बाहेर. पावणेबाराला फॉइल काढून ग्लेझ. म्हणजे नऊ वीसला ओव्हनमध्ये. या मधल्या अडीच तासांत मुलांना तयार करता येतं, भाज्या होतात, पाळीपाळीनं मिस्सालाही जाता येतं. घरात मात्र एक मोठं माणूस मागे राहिलंच पाहिजे, पेटलेलं ओव्हन एकटं सोडायचं नाही. मला हॅम सणाला प्रिय आहे ते याचसाठी. करणारी बाई घामाघूम होऊन शेवटी बसत नाही, सगळ्यांबरोबर बसते. जाऊबाईंनी ही रीत घरात आणली त्यामागे हाच विचार होता, आणि तो तुम्ही मोडू नका.

उरलेलं आणि हाड

जेवण झाल्यावर गप्पांत हॅम टेबलावर राहतं. दोन तासांच्या आत ते हाडापासून सोडवून, उथळ डब्यांत, फ्रिजमध्ये गेलं पाहिजे. तीन-चार दिवसांत संपवा. फ्रीझरमध्ये महिना-दोन महिने चव टिकते, पुढे मीठ आणि चरबीमुळे बिघडते.

हाड कोणालाही फेकू देऊ नका. थोडं मांस लागलेलं हाड वाटाण्याच्या डाळीच्या सूपात जातं. वॉशिंग्टनला सिनेटच्या उपाहारगृहात पांढऱ्या बीन्सचं सूप रोजच्या रोज मिळतं, त्याचीही चव खारवलेल्या डुकराच्या पायातूनच येते. आणि दक्षिणेकडच्या राज्यांत नव्या वर्षाच्या पहिल्या दिवशी चवळी-भात खातात, खारवलेल्या डुकराच्या मांसाची चव देऊन, वर्ष भरभराटीचं जावं म्हणून. नाताळाला हॅम केलंत तर हाड आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा आणि 1 जानेवारीला चवळी भिजत घाला. कांदा, लसूण, तमालपत्र, हाड, दीड-दोन तास मंद आच. मीठ शेवटी, चव घेऊनच.

वसई-मुंबई-गोव्यातल्यांसाठी

तिकडे हाडाचं अख्खं हॅम सहज मिळत नाही, आणि घरचा ओटीजी लहान असतो. चांगल्या कोल्ड स्टोरेजमधून बिनहाडाचा दीड-दोन किलोचा शिजवलेला, अखंड तुकडा मागवा. घ्यायच्या आधी ओटीजीची आतली उंची मोजा, वरच्या कॉइलपासून निदान चार बोटं जागा हवी, नाहीतर ग्लेझ मिनिटांत करपतं. आच 165 सेल्सिअस, ग्लेझच्या वेळी 200, आतला आकडा 60. ग्लेझचं माप निम्मं. आणि बाजारातला डुकराचा ताजा पाय म्हणजे हॅम नव्हे. तो खारवलेला नसतो, त्याला ही कृती लावू नका, त्याचं आपलं इंद्यालच करा.

शेवटचा मंत्र माझा स्वतःचा. एक वही करा. हॅमचं वजन, पाकिटावरचे शब्द, किती वाजता आत गेलं, किती वाजता 140 आलं, किती माणसं जेवली, किती उरलं, एवढंच लिहा, त्याच संध्याकाळी. पुढच्या वर्षी तुमच्या ओव्हनबद्दल माझ्यापेक्षा ती वही जास्त अचूक सांगेल. यंदा ज्याच्या घरी जेवण आहे, त्यानं थर्मामीटर विकत घेऊ नये, तो मी पाठवतेय. आणि फॉइल काढायच्या वेळी मला फोन करा, पहिला हात कसा मारायचा ते आपण बरोबर बघू.